‘सापडलेल्या’ चित्रणाची भीती

‘रागिनी एमएमएस’ या २०११ सालच्या हिंदी चित्रपटातलं भूत मराठी बोलतं. मुंबईबाहेरचं एक एकाकी घर, तिथे सुट्टी घालवायला आलेलं तरुण जोडपं, घरभर दडवलेले कॅमेरे आणि मग अंधारातून येणारा एका बाईचा आवाज. आपण चेटकीण नाही, आपण आपल्या मुलांना मारलेलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहते. दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकाच्या कानांना तो परक्या भाषेतला मंत्र वाटला असेल. मराठी प्रेक्षकाला ते नीट कळतं, आणि कळल्यामुळेच भीतीची जात बदलते. हे भूत शाप देत नाही, कैफियत मांडतं. ती ऐकून घ्यायला खोलीत आहे कोण? घाबरून अर्धमेली झालेली एक मुलगी आणि भिंतीतले कॅमेरे.

चित्रपट म्हणून ‘रागिनी एमएमएस’ थोर नाही; पवन कृपलानी या दिग्दर्शकाचा तो पहिला प्रयत्न होता आणि त्याच्या जाहिरातींचा सगळा भर भीतीपेक्षा चावटपणावर होता. तरीही भयपटाचा एक जागतिक प्रकार आपल्या मातीत कसा रुजला, किंवा नीटसा का रुजला नाही, हे समजून घ्यायचं तर या चित्रपटाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. हा प्रकार ‘फाऊंड फुटेज’ या नावानं ओळखला जातो. मराठीत त्याला ‘सापडलेलं चित्रण’ म्हणू. पडद्यावर दिसतं ते कुणा दिग्दर्शकानं रचलेलं नसून, घटनेत सापडलेल्या माणसांनीच टिपलेलं आहे आणि त्यांच्या पश्चात ते कुणाच्या तरी हाती लागलं आहे, असा बहाणा करणारा हा चित्रपटप्रकार.

बहाणा जुनाच आहे. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ साली आली ती रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि फोनोग्राफवरच्या नोंदी यांची चळत म्हणून. आज जुनापुराणा वाटणारा फोनोग्राफ त्या काळी नवं यंत्र होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं. भुताची गोष्ट खरी वाटावी म्हणून त्या त्या काळातलं सर्वांत नवं, सर्वांत निर्विकार यंत्र साक्षीला उभं करायचं, ही युक्ती शंभर-सव्वाशे वर्षं चालत आली आहे. यंत्र खोटं कशाला बोलेल, असं आपण धरून चालतो.

सिनेमात ही युक्ती पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं वापरली गेली ती इटलीच्या रुजेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये, १९८० साली. ॲमेझॉनच्या जंगलात बेपत्ता झालेल्या चित्रपट-चमूची रिळं सापडतात, असा त्याचा आधार. चित्रण इतकं खरं वाटलं की कलाकारांना खरोखरच ठार मारलं असावं, या संशयावरून दिग्दर्शकाला न्यायालयात उभं राहावं लागलं. प्रदर्शनानंतर वर्षभर कुठेही तोंड दाखवायचं नाही, असा करार त्यानं नटांशी केला होता. आता त्याच नटांना ते जिवंत असल्याचं सिद्ध करण्यासाठी पुढे आणावं लागलं. या चित्रपटात प्राण्यांची हत्या मात्र खरी होती, आणि ती पाहवत नाही. बीबीसीनं ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री ‘घोस्टवॉच’ नावाचं नाटक थेट प्रक्षेपणाच्या थाटात दाखवलं. मायकेल पार्किन्सनसारखा ओळखीचा, विश्वासाचा निवेदक त्यात स्वतःच्याच नावानं वावरत होता. बीबीसीवर फोनचा भडिमार झाला.

पण हा प्रकार जगभर पोचवला तो ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नं. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी तो कसा केला ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे पैशाची चणचण हीच कला झाली आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँड राज्यातल्या जंगलात आठ दिवस चित्रीकरण झालं. वेगळा छायाचित्रकार नव्हता; तिघा नटांच्या हाती एक हाय-एट व्हिडिओ कॅमेरा आणि एक १६ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा देण्यात आला. पात्रांची नावं नटांचीच ठेवली. लिहिलेले संवाद नव्हते. दिवसभरात कुठवर चालत जायचं ते जीपीएस यंत्र दाखवायचं, आणि ठरलेल्या जागी प्रत्येकासाठी स्वतंत्र चिठ्ठी ठेवलेली असायची. एकाची चिठ्ठी दुसऱ्यानं वाचायची नाही. जेवण दिवसागणिक कमी करत नेलं. रात्री दिग्दर्शक मंडळी अंधारात आवाज काढत, तंबू हलवत. वीसेक तासांचं चित्रण जमलं, त्यातून जेमतेम ऐंशी मिनिटांचा चित्रपट निघाला. चित्रीकरणाचा खर्च सुमारे साठ हजार डॉलर, आणि १९९९ साली जगभरातून गल्ला गोळा झाला जवळपास पंचवीस कोटी डॉलरचा.

चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. दिसतात त्या झाडांना टांगलेल्या काटक्यांच्या बाहुल्या, दगडांचे ढीग आणि अखेरीस पडक्या घराच्या तळघरात कोपऱ्याकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस. चित्रपटाच्या सुरुवातीला कुणीतरी सहज सांगितलेली एक जुनी हकिगत ज्यानं लक्ष देऊन ऐकली असेल, त्यालाच त्या पाठमोऱ्या माणसाचा अर्थ लागतो. ज्यानं ऐकली नसेल तो बाहेर पडताना शेजाऱ्याला विचारतो. एका साध्या पाठमोऱ्या आकृतीवर अख्ख्या चित्रपटाची भीती पेलून धरणं म्हणजे काय असतं, हे धारप-मतकरींच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

चित्रपटाइतकीच हुशारी त्याच्या प्रसिद्धीत होती. १९९४ साली तीन विद्यार्थी जंगलात बेपत्ता झाले आणि वर्षभरानं त्यांचं चित्रण सापडलं, ही चित्रपटाची प्रारंभीची पाटी संकेतस्थळावरून, बनावट पोलीस-कागदांतून आणि बनावट माहितीपटातून आधीच पसरवली गेली. चित्रपटांची माहिती देणाऱ्या प्रसिद्ध संकेतस्थळावर तिघा नटांची नोंद ‘बेपत्ता, बहुधा मृत’ अशी होती. नायिकेची भूमिका करणाऱ्या हेदर डोनाह्यू हिच्या आईला लोकांची सांत्वनपर पत्रं आली. मुलगी धडधाकट आणि आई सांत्वनपत्रं वाचतेय! विनोदी म्हणून हे सांगितलं जातं. त्या आईला ते कितपत विनोदी वाटलं असेल, कोण जाणे.

यानंतर भयपटात नेमकं काय बदललं ते आपल्याकडच्या रामसे बंधूंशी ताडून पाहिलं की चटकन ध्यानात येतं. कमी पैशात भयपट करण्याची आपली परंपरा त्यांचीच. १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यातल्या एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून येतात, तेवढ्यासाठी प्रेक्षक येतात हे या भावांच्या नजरेनं हेरलं. मग ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला, महाबळेश्वरात चाळीस दिवसांत उरकलेला, मोजक्या लाखांत बसवलेला. घरातल्यांनीच कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन वाटून घ्यायचं, बायकांनी सर्वांचा स्वयंपाक पाहायचा, असा तो घरगुती कारखाना होता. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८). कोकणातला मुरुडच्या नवाबांचा राजवाडा या मंडळींमुळे देशभरच्या प्रेक्षकांना ठाऊक झाला, भले नाव माहीत नसेना का.

रामसेंचा जो काही थोडा पैसा होता तो कशावर खर्च होई? मुखवटा, धूर, निळा-लाल उजेड, करकरणारं दार आणि ऐन वेळी उसळणारं पार्श्वसंगीत. म्हणजे भूत दाखवण्यावर. सापडलेल्या चित्रणानं नेमक्या याच खर्चाला कात्री लावली. प्रकाशयोजना नाही, कारण पात्रांकडे दिवे असणार कुठून? पार्श्वसंगीत नाही, कारण जंगलात वाद्यवृंद नसतो. ओळखीचा चेहरा नाही, कारण ओळखीचा नट दिसला की बहाणा फुटलाच. भूत नाही, कारण ते दिसलं तर मुखवटा दिसणार. गरिबीमुळे जे परवडत नव्हतं ते सगळं खरेपणाची खूण ठरलं. हलणारी चौकट, मध्येच हरवणारा फोकस, हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा श्वासांसारखा आवाज, हे एरवी छायाचित्रकाराचे दोष. इथे तेच पुरावे झाले.

एक बारीक पण महत्त्वाचा बदल चौकटीच्या कडेबाबत झाला. नेहमीच्या भयपटात दिग्दर्शक आपल्याला आधी घर बाहेरून दाखवतो, मग जिना, मग खोली. कुठे काय आहे हे आपल्याला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक असतं. इथे आपलं ज्ञान कॅमेरा धरणाऱ्या माणसाएवढंच. तो ज्या बाजूला वळणार नाही ती बाजू आपल्यासाठी काळोखच, आणि भीती त्या बाजूला जाऊन बसते. शिवाय ‘अरे, आता तरी कॅमेरा बंद कर आणि पळ!’ असं प्रत्येक प्रेक्षक मनातल्या मनात ओरडतो. या प्रश्नाचं पटण्याजोगं उत्तर ज्या चित्रपटाला देता येत नाही तो पडतो. बहुतेक पडतात ते याच खड्ड्यात. स्पेनचा ‘रेक’ (२००७) वाचला, कारण कॅमेरा धरणारा दूरचित्रवाणीचा नोकर आहे. चित्रण करणं हे त्याचं कामच, आणि इमारतीला बाहेरून टाळं लागल्यावर ते चित्रण म्हणजे उद्या अधिकाऱ्यांविरुद्ध दाखवायचा पुरावा.

ओरेन पेली यानं या प्रश्नाला वेगळंच उत्तर शोधलं: कॅमेरा कुणी धरायचाच नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ त्यानं स्वतःच्या राहत्या घरात, सात दिवसांत, पंधरा हजार डॉलरमध्ये चित्रित केला. २००७ मध्ये तो एका महोत्सवात दिसला आणि २००९ मध्ये सर्वत्र लागून त्यानं एकोणीस कोटी डॉलरहून अधिक कमावले. शयनगृहात तिवईवर कॅमेरा ठेवलेला, नवरा-बायकोसारखं राहणारं जोडपं झोपलेलं, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे. रात्र भरभर पुढे पळते, आणि मध्येच आकड्यांचा वेग नेहमीसारखा होतो. बस. दोन-तीन रात्रींत प्रेक्षक शहाणा होतो: आकडे सावकाश झाले म्हणजे आता काहीतरी होणार. मग तो चौकटीचा कोपरा न् कोपरा धुंडाळू लागतो. दार इंचभर हललं का? सावली होती का? एरवी दिग्दर्शक आपली नजर जिथे हवी तिथे नेतो. इथे प्रेक्षकाला रखवालदाराच्या खुर्चीत बसवून सगळे पडदे त्याच्या समोर टाकले आहेत.

पवईत राहणाऱ्याला ही रखवालदाराची खुर्ची चांगली परिचयाची आहे. एका अंगाला तलाव, त्यात मगरी. पलीकडे आरे आणि राष्ट्रीय उद्यान. आयआयटीच्या आवारात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून यायचीच. पूर्वी ‘अमक्यानं पाहिला’ अशी ती तोंडी यायची, आणि अमका जरा बढाईखोर असला तर हसून सोडून देता यायची. आता चित्रफीत येते. करड्या-हिरवट रंगाची, वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ, आवाज नाही. फाटकाजवळचा कुत्रा कान टवकारतो आणि चौकटीबाहेर पळतो. मग पाच-सहा सेकंद काहीच नाही. त्या पाच-सहा सेकंदांत जे वाटतं ते भयपटांतल्या कुठल्याही मुखवट्याला साधलेलं नाही. त्यानंतर बिबट्या येतो, भिंतीवरून आत उतरतो, आणि आपल्या कामाला निघून जातो. उद्यानात अभ्यासक जे कॅमेरे झाडाला बांधून ठेवतात तेही असेच, माणसाविना चालणारे. समोरून काही उबदार हललं की आपोआप टिपणारे. आरेचं जंगल हिंदी सिनेमानं डाकूंपासून डायनपर्यंत सगळ्यांसाठी वापरून पार ओळखीचं करून टाकलंय, पण या माणूस नसलेल्या कॅमेऱ्यांतून तेच जंगल पुन्हा अनोळखी दिसतं. आणि एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही: बिबट्याची चित्रफीत पाहताना मला बिबट्याची जेवढी भीती वाटते, त्याहून अधिक ‘म्हणजे रोज रात्री आपलं फाटक कुणीतरी बघत असतं’ या जाणिवेची वाटते.

भारतातला या प्रकारचा पहिला दखलपात्र चित्रपट याच जाणिवेतून आला, आणि त्यात भूत नव्हतं. दिबाकर बॅनर्जींचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ मार्च २०१० मध्ये प्रदर्शित झाला. तीन गोष्टी, तीन यंत्रं: एका सिनेमा-विद्यार्थ्याचा हँडीकॅम, दुकानातले पाळतीचे कॅमेरे आणि पत्रकाराचा छुपा कॅमेरा. पहिल्या गोष्टीतला विद्यार्थी आदित्य चोप्राच्या प्रेमपटांचा भक्त. त्याच थाटाचा पदविकेचा चित्रपट करता करता तो नायिकेच्या प्रेमात पडतो, दोघं पळून जाऊन लग्न करतात. घरच्यांनी स्वीकारलं असं वाटतं. मग एका रात्री त्यांना गाठून संपवलं जातं, आणि कॅमेरा चालूच राहतो. फार काही दिसत नाही. अंधार, आवाज, वेडीवाकडी चौकट. ब्लेअरच्या जंगलातली सगळी तंत्रं इथे आहेत, फक्त चेटकिणीच्या जागी मुलीचा बाप आहे. भारतीय पडद्यावरचं सापडलेल्या चित्रणाचं सर्वांत भयंकर दृश्य मी हेच मानतो. परीक्षण मंडळानं त्या गोष्टीतला जातीचा उल्लेख काढायला लावला होता. हत्या राहिली, कारण गेलं. ‘सैराट’नं २०१६ मध्ये अशाच हत्येचा शेवट आवाज काढून घेऊन दाखवला तेव्हा सबंध महाराष्ट्र चित्रपटगृहांत सुन्न बसून राहिला. तिथे कॅमेरा स्थिर होता, रचलेला होता. म्हणजे हलणाऱ्या चौकटीशिवाय हे साधत नाही, असं काही नाही.

‘रागिनी एमएमएस’ आला तो त्याच निर्मितीगृहातून, पुढच्याच वर्षी, मे २०११ मध्ये. ‘लव्ह सेक्स और धोखा’तून पदार्पण केलेला राजकुमार यादव, म्हणजे पुढचा राजकुमार राव, इथे नायक आहे; नायिका कैनाझ मोतीवाला. नायकाला सिनेमात शिरायचंय आणि त्यासाठी प्रेयसीचं नकळत चित्रण करून द्यायचा सौदा त्यानं केलाय. ‘कॅमेरा चालू का?’ या खड्ड्यावर या चित्रपटानं टाकलेली फळी अस्सल भारतीय होती: कॅमेरा चालू आहे, कारण तो लपवलेला आहे, आणि लपवला आहे कारण मुलीचं शरीर विकायचं आहे. नावातलं ‘एमएमएस’ हे काही हवेतून आलेलं नव्हतं. २००४ मध्ये दिल्लीतल्या एका शाळेतल्या मुलीची अशी चित्रफीत देशभर फिरली होती. संमतीशिवाय खाजगी अंगाचं चित्रण करणं हा स्वतंत्र गुन्हा ठरवणारं कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीनं आलं, ते २००९ मध्ये लागू झालं. दंड संहितेत चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्धचं कलम यायला २०१३ उजाडलं. चित्रपट या दोन तारखांच्या मधला आहे. नायिकेला चित्रपटाचा बराच वेळ पलंगाला बेड्यांनी जखडून ठेवलंय. भूत येण्याआधीच तिच्याबाबतीत जे व्हायचं ते झालेलं असतं.

म्हणून त्या मराठी बोलणाऱ्या बाईला महत्त्व. त्या घरात दोन बायका आहेत. एकीवर गावानं आरोप ठेवला आणि मारलं. दुसरीचं चित्रण करून तिला बाजारात न्यायचं चाललंय. दोघींचं म्हणणं नोंदवून घेणारा कुणी नाही, नोंदवतंय ते फक्त शिकाऱ्याचं यंत्र. दिग्दर्शकाला हे सगळं अभिप्रेत होतं की नाही, ठाऊक नाही. चित्रपटानं ते सूत्र फार पुढे नेलेलंही नाही. पण ‘मी चेटकीण नाही’ हे म्हणणं महाराष्ट्रात काल्पनिक नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे, बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार घडत आले आहेत आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी तिथे पाड्यापाड्यांवर जाऊन काम केलं आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. करणी केल्याचा, सैतान असल्याचा आळ घेऊन कुणाचं जगणं मुश्किल करणं हा त्यात गुन्हा आहे. कायद्याच्या अनुसूचीतली ती रूक्ष कलमं वाचताना मला त्या घरातला तो आवाज ऐकू येतो, हे खरं.

हिंदी सिनेमानं या वाटेचं काय केलं? ‘रागिनी एमएमएस २’ (२०१४) मध्ये भूषण पटेल या दिग्दर्शकानं सापडलेलं चित्रण सोडूनच दिलं. एक चित्रपट-चमू त्याच घरात रागिनीच्या घटनेवर सिनेमा काढायला जातो अशी गोष्ट, सनी लिओनी, गाणी, झगमगाट. नाव ठेवलं, कॅमेरा टाकला. धंद्याच्या दृष्टीनं ते शहाणपणाचंच होतं. त्याआधी, २०१२ मध्ये, नुसतं प्रश्नचिन्ह हेच नाव असलेला एक छोटा चित्रपट येऊन गेला. बरं यश मिळालं ते कन्नड ‘६-५=२’ या गिर्यारोहकांच्या गोष्टीला, २०१३ मध्ये; पुढच्या वर्षी त्याची हिंदी आवृत्ती निघाली आणि विसरली गेली.

आपल्याकडे हा प्रकार रुळला नाही याची कारणं प्रेक्षकाच्या आवडीनिवडीत शोधली जातात: गाणी हवीत, तारे हवेत. मला वाटतं एक कारण त्याहून साधं आहे. आपल्या चित्रपटाची सुरुवातच मुळी परीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रानं होते. पाठोपाठ ‘सर्व पात्रं व घटना काल्पनिक आहेत’ ही पाटी. मग तंबाखूचा इशारा. ब्लेअरच्या जंगलात शिरण्याआधी पडद्यावर जी एकच पाटी होती ती सांगत होती की हे सापडलंय. आपली पाटी सांगते की हे रचलंय. बहाणा दारातच पकडला जातो. प्रेक्षकाला फसवून त्यातून पैसा करू नये, या विचारानं पाटीला मी दोष देणार नाही. पण पाटीखालून हा प्रकार जिवंत बाहेर पडत नाही.

त्याचे संस्कार मात्र इतरत्र झिरपले. थोडी पात्रं, एकच जागा, दिसण्यापेक्षा न दिसण्यावर भर. कृपलानींनीच २०१६ मध्ये राधिका आपटेला घेऊन केलेला ‘फोबिया’ बहुतांशी एका फ्लॅटमध्ये घडतो. मराठीत विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) उसाच्या शेतातल्या एका घरात गरोदर बाईला आणून सोडतो. कॅमेरा नेहमीचाच, पण ऊस असा दाखवलाय की चार हातांपलीकडचं दिसू नये. उसातल्या पानांची सळसळ आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? ती फुकट मिळते. उषा नाईकांनी रंगवलेली बाई त्या सळसळीपेक्षा भयंकर आहे, ती गोष्ट वेगळी. पुढे २०२१ मध्ये फुरियांनीच त्याचा हिंदी ‘छोरी’ केला. टाळेबंदीत तर माणसं एकमेकांना पडद्यातल्या चौकोनांतूनच दिसू लागली आणि या प्रकाराला आयतं कारण मिळालं: इंग्लंडमध्ये रॉब सॅव्हेजचा तासाभराचा ‘होस्ट’ २०२० मध्ये असाच घरोघरी बसून झाला, त्याच वर्षी मल्याळममध्ये ‘सी यू सून’ हा संगणक आणि फोनच्या पडद्यांवरच घडणारा थरारपट आला. कॅमेरा चालू का, हा प्रश्नच त्या वर्षी कुणाला पडला नाही.

आणि तरी, सापडलेल्या चित्रणाचा आपल्या समाजावर झालेला खरा परिणाम सिनेमाच्या खात्यावर मांडता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर फोनवरून एक चित्रफीत फिरत होती. पाळतीच्या कॅमेऱ्यातून दिसावी तशी गल्ली, खेळणारी मुलं, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि एका मुलाला उचलून घेऊन जातात. हलकं चित्रण, निवेदन नाही, संगीत नाही, शेवट तुटलेला. सोबत मजकूर: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. ब्लेअरच्या निर्मात्यांनी मोठ्या मेहनतीनं जुळवलेली प्रत्येक खूण तिच्यात होती, पाटी मात्र नव्हती.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांवर मुलं पळवणारे असल्याचा संशय घेतला गेला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, जमावानं मारून मारून ठार केलं. गावोगाव फिरणं हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांना परका चेहरा असल्याबद्दल मारलं. त्या मारहाणीचंही चित्रण झालं, आणि तेही फोनाफोनी पसरलं. चित्रण करणाऱ्याचा हात हलत होता. कॅमेरा बंद करून कुणी मध्ये का पडलं नाही, हा प्रश्न तिथे प्रेक्षकाचा राहिलेला नव्हता.

भयपटांनी हे घडवलं असं म्हणणं मूर्खपणाचं होईल. राईनपाड्याच्या बाजारात आलेल्या किती जणांनी ‘ब्लेअर विच’चं नाव ऐकलं असेल? अफवेवर माणसं मारण्याला यंत्र लागत नाही, डाकीण ठरवायला कधी लागलं नव्हतं. पण हलणारी, अंधुक, शेवट नसलेली चित्रफीत म्हणजे खरी, ही जी सवय डोळ्यांना लागली ती एकाच काळात चित्रपटगृहातही लागत होती आणि हातातल्या फोनवरही. चित्रपटगृहात दिवे लागतात. फोनवर पुढची चित्रफीत येते. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं.

ती मोटारसायकलवाली चित्रफीत मुळात कराचीतली होती. रोशनी हेल्पलाइन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी ती नट घेऊन तयार केली होती. भारतात फिरली तिच्यातून शेवटचे काही क्षण कापलेले होते. मूळ चित्रफितीत ते दोघं मोटारसायकल वळवून परत येतात, मुलाला जिथून उचललं तिथे खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरतात.